ठमाबाईचे हजार चिचोके

मोहटोल्याच्या बुधवारच्या बाजारात ठमाबाई नागापुरेकडून मासोळी घेणं सोपं होतं, ठमाबाईला काही विकणं मात्र महाकठीण. आपल्या टोपल्यातली मरळ ती दोन वाक्यांत खपवायची. तीच ठमाबाई वांगी घ्यायला बसली की एकेक वांगं उचलायची, दाबायची, देठाचा वास घ्यायची आणि परत ठेवायची. भाजीवाली शेवटी कावायची. "घेनं असंन त घे ना वं बाई. वांग्याचं लगन जुळवून राह्यली का?"

ठमाबाईला त्यात काही गैर वाटत नसे. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मान हलवायची ही तिच्या दृष्टीनं आळशी माणसाची रीत. पोरासाठी, प्रफुलसाठी, मुलगी पाहिली तेव्हा ती सोयऱ्यांच्या घरी तीन खेपा गेली, आणि तिसरी खेप न कळवता, भांडी घासायच्या वेळेला. घराला निळा रंग द्यायचा की हिरवा, यावर तिनं अकरा दिवस विचार केला आणि बाराव्या दिवशी पांढरा चुना आणला. नवरा कोलू अडतीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट पक्की शिकला होता. विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही, आणि विचारलंच तर, "तुले काय वाटते?" असं म्हणून जाळं विणायला घ्यायचं.

एवढ्या चौकस बाईनं आयुष्यात एकच गोष्ट न पारखता घेतली होती, ती म्हणजे बिडी. सोळा वर्षांची असताना बापासोबत तळ्याच्या पाळीवर जाळं राखत बसली होती. मच्छर फोडून खात होते. बापानं आपली पेटती बिडी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, धूर कर. तेव्हापासून बेचाळीस वर्षं धूर चालूच होता. दिवसाला एक बंडल, बाजाराच्या दिवशी दीड. पण ती बिडी ओढते असं कुणी म्हटलं की तिला राग यायचा.

"मी ओढत नाई," ती म्हणायची. "पेटवून ठेवतो. मच्छर येत नाई."

भर दुपारी बाजारात मच्छर कुठून येणार, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "येतीन."

मागच्या दिवाळीनंतर तिचा धाकटा भाऊ इस्तारी गेला. तो सिंदेवाहीकडे राहायचा. तोही ढिवर, तोही तळ्यावरचा, तोही त्याच बापाच्या हाताखाली बिडी शिकलेला. सहा महिने खोकत होता आणि घरच्यांना सांगत होता की थंडी बाधली. रक्त पडलं ते त्यानं बायकोपासूनही लपवलं. चंद्रपूरला नेलं तोवर डाव्या फुप्फुसातली गाठ मुठीएवढी झाली होती आणि दोन मणक्यांत उतरली होती. त्यानंतर तो अडीच महिने जगला. ठमाबाई दोनदा जाऊन त्याच्याजवळ राहिली. शेवटी शेवटी तो बोलायला दमायचा, म्हणून ती एकटीच बोलायची. तळ्यात यंदा रोहू कसा आहे, सोसायटीनं मासोळीचं बीज किती सोडलं, असलं काहीबाही. तो डोळ्यांनी ऐकायचा.

तेरवीच्या जेवणाला बसलेली माणसं पत्रावळीपेक्षा ठमाबाईच्या कमरेच्या पिशवीकडे जास्त पाहत होती. पिशवीत बिडीचं बंडल होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी ती बिडी ओढायला गोठ्यामागे गेलीच नाही, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर एकामागून एक चार ओढल्या.

महिन्याभरानं उपकेंद्रातली खुशबू घरी आली. खुशबू रामटेके गडचिरोलीची पोर, नर्सिंग शिकलेली, वर्षभरापूर्वीच मोहटोल्याला आली होती. गावात सगळे तिला मॅडम म्हणत. ठमाबाईही म्हणायची, पण रागावली की "पोरी" म्हणायची. खुशबूच्या हातात टॅब होता आणि त्यात पन्नाशीपुढच्या, खूप वर्षं बिडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसांची यादी.

"मावशी, नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याचा कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "दर गुरुवारी तिथल्या छातीच्या डॉक्टर व्हिडिओवर बोलतात. फुप्फुसाचा कॅन्सर लक्षणं दिसायच्या आधी पकडायची एक तपासणी असते, सीटी स्कॅन. ती करायची की नाही, त्याबद्दल त्या समजावून सांगतात."

"मले काई झालं नाई."

"काही झालं नाही त्याच लोकांसाठी आहे ती. झालं असतं तर मी तुम्हाला सरळ गाडीत बसवलं असतं."

ठमाबाईनं खुशबूकडे वांग्याकडे पाहावं तसं पाहिलं. ही पोरगी आपल्याला दवाखान्यात ओढायला आली, आधी गोड बोलणार आणि मग सही घेणार, असं तिच्या मनात आलं. तरी इस्तारीचा चेहरा डोळ्यांपुढे आलाच. ती म्हणाली, "आयकाले काय जाते. पण मी कायलेच हो म्हणनार नाई."

गुरुवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून उपकेंद्रात आली. उपकेंद्रात नेटवर्क फक्त मागच्या ओट्यावर, पाण्याच्या टाकीजवळ यायचं. तिथे खुशबूनं दोन खुर्च्या टाकल्या होत्या. शेजारची रुखमा सोबत म्हणून आली होती. बापूराव येणार नाही असं सांगूनही आला होता. हा बापूराव शाळेतून निवृत्त झालेला शिपाई, ठमाबाईच्याच वयाचा, बिडीच्या बाबतीत तिच्याच तोलाचा. यादीत त्याचंही नाव होतं, पण त्यानं खुशबूला, आपण त्या दिवशी बाहेरगावी आहोत असं सांगितलं होतं. आता तो टाकीला टेकून उभा होता.

टॅबवर डॉक्टर नंदिनी दिसल्या. चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या.

"नमस्कार ठमाबाई. माझा आवाज येतोय का?"

"आवाज येऊन राह्यला. तोंड अडकलं," ठमाबाई म्हणाली. डॉक्टरांचा चेहरा अर्धं तोंड उघडलेल्या अवस्थेत थिजला होता. खुशबूनं टॅब उचलून टाकीवर ठेवला, तेव्हा ते तोंड मिटलं.

"ठमाबाई, तपासणी करा असं सांगायला मी बसलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "करू नका असंही नाही. तिनं काय मिळतं, काय त्रास होऊ शकतो, ते सगळं सांगते. मग ठरवायचं तुम्ही."

ठमाबाई खुशबूकडे वळून हळूच म्हणाली, "हे डाक्टरच आहे ना?"

खुशबूनं हसू दाबलं. ठमाबाई पुन्हा टॅबकडे वळली. "बाई, मीच ठरवाचं त तू कायले शिकली?"

"तुम्हाला नीट सांगता यावं म्हणून."

"तुले बाप आहे का?"

"आहेत."

"बिडी ओढते?"

"सिगरेट ओढायचे. तीस वर्षं."

"मंग त्याईले काय सांगतलं तू?"

"जे तुम्हाला सांगणार आहे तेच."

"मंग त्याईनं केली का तपासणी?"

डॉक्टर खरं ते बोलल्या. "विचार करताहेत. दोन वर्षं झाली."

"म्हणजे घरी बी तुह्यं कोनी आयकत नाई," ठमाबाई समाधानानं म्हणाली आणि खुर्चीत जरा सैल बसली. इथून पुढे तिनं डॉक्टरांचं बोलणं मनापासून ऐकलं, कारण ही बाई खोटं बोलत नाही एवढं तिला कळलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. तपासणीत सुई नाही, औषध नाही. मशीनखाली पडायचं, श्वास रोखायचा, फुप्फुसाचे फोटो निघतात. किरणं एक्स-रेपेक्षा जास्त, पण नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा बरीच कमी, म्हणजे त्यांचा धोका आहे, पण अगदी थोडा. एकदा करून भागत नाही, वर्षाला एकदा करावी लागते. बाहेरच्या देशात मोठा अभ्यास झाला. खूप वर्षं ओढणाऱ्या हजार माणसांची तपासणी केली नाही, तर काही वर्षांत त्यातली एकवीस फुप्फुसाच्या कॅन्सरनं जातात. केली, तर अठरा जातात.

"म्हणजे तीन वाचले," ठमाबाई म्हणाली.

"तीन."

"हजारात."

"हजारात. आणि त्याच हजारांतल्या दोन-तीनशे जणांच्या फोटोत ठिपका दिसतो, पण तो कॅन्सर नसतो. त्यांना पुन्हा फोटो काढावा लागतो, काहींना सुई टोचून तुकडा काढावा लागतो, आणि तोवर झोप उडते. आपल्याकडे टीबी जास्त, म्हणून असे ठिपके आणखी जास्त दिसतात. तुम्हाला कधी टीबी झाला होता का?"

झाला होता. प्रफुल दोन वर्षांचा असताना. ठमाबाईनं सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या.

"मग तुमच्या छातीत जुना डाग असण्याची शक्यता मोठी आहे. तो फोटोत दिसणार आणि आपल्याला विचारात पाडणार."

ठमाबाईनं छातीवरून हात फिरवला. मग एकदम म्हणाली, "आमच्या तळ्याच्या क्यामेऱ्यासारखं."

डॉक्टरांना कळलं नाही. मग रुखमा आणि ठमाबाई दोघींनी मिळून त्यांना सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात वनखात्यानं तळ्याच्या झाडाला कॅमेरा बांधला होता, वाघ येतो का पाहायला. पहिल्याच आठवड्यात फोटोत पट्टे दिसले. गावात दवंडी झाली, तीन दिवस कुणी तळ्यावर गेलं नाही, जाळ्यातली मासोळी जाळ्यातच कुजली. चौथ्या दिवशी वनरक्षकानं फोटो मोठा करून पाहिला तर ते पट्टे बापूरावच्या गोऱ्ह्याच्या अंगावर पडलेली बांबूच्या पानांची सावली होती.

"त्यात माह्या गोऱ्ह्याचा काय गुना?" टाकीजवळून बापूराव बोलला. बाहेरगावी गेलेला बापूराव आत्ता कुठे उघड झाला.

"पन पावसाळ्यात खरा आला होता," ठमाबाई म्हणाली. "क्यामेऱ्यानं दाखवला म्हनून आमी दोघीजनी वाचलो. नाई त त्या दिवशी तिकूनच जानार होतो."

डॉक्टर म्हणाल्या, "ठमाबाई, हे मी पुढच्या माणसाला सांगू का? मला याहून चांगलं समजावता येत नाही."

"सांग. पन गोऱ्हा बापूरावचा होता तेबी सांगजो."

डॉक्टरांनी घाई केली नाही. दोन आठवडे विचार करा, घरात बोला, मनात येईल तो प्रश्न घेऊन या, असं म्हणाल्या. खुशबूनं एक कागद दिला. त्यावर बारीक बारीक माणसं छापली होती, हजार. त्यांतली काही रंगवलेली. ठमाबाईनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. तिला अक्षर येत नव्हतं, पण अक्षराची अडचण नव्हती. ती माणसं मुंग्यांसारखी दिसत होती आणि मुंग्यांवर तिचा विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणात चटई अंथरली, चिचोक्यांचं गाठोडं आणलं आणि कोलूला बसवलं. "हजार मोज."

कोलू शांत माणूस. तो मोजत गेला. सहाशे चाळीसवर बकरी चटईवरून गेली आणि त्याला पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली. तासाभरानं हजार चिचोके चटईवर पसरले. ठमाबाईनं त्यांतले एकवीस वेचले आणि दिव्याच्या काजळीत बोट बुडवून काळे केले. "हे गेलेले." त्यातले तीन धुऊन, पुसून, त्यांना कुंकू लावलं. "हे वाचलेले." मग अडीचशे चिचोके तळहातानं एका कडेला सारले. "हे बिचारे उगाच भेले."

तोवर आळीतली माणसं जमली होती. रुखमा म्हणाली, "मशीनच्या किरनानंच क्यान्सर होते म्हनते. माह्या मोबाईलवर आलं."

"डाक्टरीननं सांगतलं, थोडा धोका आहे, पन लय कमी. तुह्या मोबाईलनं आकडा सांगतला का?"

रुखमाच्या मोबाईलनं आकडा सांगितला नव्हता.

बापूराव उकिडवा बसत म्हणाला, "माहा आजा नव्वद वर्साचा होऊन गेला. शेवटपर्यंत चिलीम ओढे."

"तुह्या आज्याले मी पाह्यलं आहे. शेवटचे दहा वर्स खाटेवर बसूनच झोपे. आडवा झाला का दम लागे." ठमाबाईनं एक चिचोका उचलून त्याच्यापुढे धरला. "हा तुहा आजा. ह्या बाकीच्याइतला आहे, मरन क्यान्सरनं नाई आलं. पन ह्या चिचोक्याले इचार, झोप कशी लागे."

प्रफुल संध्याकाळी कामावरून आला, त्यानं चटई पाहिली आणि म्हणाला, "माय, एवढं कायले? फोटो काढून टाक. गाडी मी करतो."

"तीन लोकाइतच मी असंन असं तुले कोनी सांगतलं?"

"आणि नसंन असं तुले कोनी सांगतलं?"

हा प्रश्न मात्र तिला लागला. पोरगा आपल्यावरच गेला, असं तिच्या मनात आलं आणि तिला थोडा अभिमानही वाटला. सगळे गेल्यावर ती चटईपाशी बसून राहिली. काळ्या अठरांमधला एक चिचोका तिनं उचलला, जरा वेळ हातात धरला आणि तो इस्तारी आहे असं कुणाला न सांगता परत ठेवला. कोलूनं पाहिलं. मग तिनं विचारलं, "प्रफुलच्या बाबा, मी काय करू?"

कोलूनं सवयीनं तोंड उघडलं, "तुले काय..." आणि थांबला. मग म्हणाला, "मले वाटते, तू जावं. नाई गेली तरी मी काई म्हननार नाई. पन मले वाटते."

अडतीस वर्षांत त्यानं दिलेलं हे पहिलं सबंध मत होतं. ठमाबाईला इतकं नवल वाटलं की ती भांडायचं विसरली.

दोन आठवड्यांनी गुरुवारी ती प्रश्न पाठ करून गेली. बोटांवर मोजून विचारले. ठिपका दिसला तर पहिलं काय करता? सुई लागलीच तर कुठे, आणि रात्रभर ठेवता का? गाठ लहान सापडली तर कापून बरी होते का, की नुसतं आधी कळते? डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं. जिथं नक्की सांगता येत नव्हतं तिथं, सांगता येत नाही, असं म्हणाल्या.

"आनि मी नाई म्हटलं त तू रागावशीन का?"

"नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडून सांगणार. तपासणी करा किंवा करू नका, बिडी सोडली तर त्याचा फायदा सगळ्यात मोठा. फोटो दरवर्षी काढला आणि बिडी चालू ठेवली, तर कॅमेरा लावून त्याच्याच खाली वाघाला बकरी बांधल्यासारखं होईल."

ठमाबाईनं खुशबूकडे पाहिलं. "बिडीचं बोलाचं ठरलं नव्हतं."

"मीच बोलले," डॉक्टर म्हणाल्या. "ती नाही."

पाण्याच्या टाकीवर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. ठमाबाईनं लुगड्याचा पदर सारखा केला. मग ती म्हणाली, आणि खुशबू पुढे बरेच दिवस हे वाक्य इतरांना सांगायची, "माह्या भावाले कोनी इचारलंच नाई. आनि त्यानंबी कोनाले सांगतलं नाई. मले तुमी इचारलं. इचारल्यावर उत्तर त द्याच लागते. मी जातो. फोटो काढतो. बिडीचं मंग पाहू."

फोटो चंद्रपूरच्या दवाखान्यात निघणार होता. तिथे जायला ती आणि कोलू पहाटेच्या एसटीनं निघाले. वरोऱ्यावरून जाणारी गाडी, चार तास. दवाखान्यात तिला कपडे बदलायला लावले, नाकातली चमकी काढायला लावली. मशीन पाहून ती म्हणाली की हे तर मोठ्या गोल तोंडाचं बिनबुडाचं जाळं आहे, मासोळी आत जाते आणि तशीच बाहेर येते. श्वास रोखा, म्हटल्यावर तिनं रोखला. सोडा, म्हटल्यावर सोडला. उठा, म्हटल्यावर तिला वाटलं, वीज गेली.

"झालं," तंत्रज्ञ म्हणाला.

"काय झालं? आत्ता त लेटलो."

"झालं बाई. अर्धं मिनिटच लागतं."

चार तास एसटीत बसून अर्ध्या मिनिटाचं काम. वरोऱ्यापर्यंत परत येताना ती हेच बोलत होती. कोलूनं खिडकीबाहेर बघत दर वेळी मान डोलावली.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी सांगितलं. उजव्या बाजूला वर जुन्या टीबीचे डाग आहेत, ते अपेक्षितच होते. पण डाव्या बाजूला खाली एक छोटा ठिपका आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. तो बहुतेक साधा असणार. तरी खात्रीसाठी सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. आज सुई नाही, काही नाही.

"मी भेलेल्या अडीचशेत आहे," ठमाबाई म्हणाली.

"आत्ता तरी तिथंच आहात."

माहिती असणं आणि त्या माहितीत स्वतः बसणं यात फरक असतो. पुढचे सहा महिने ठमाबाईला कळत होतं की ठिपका बहुतेक गोऱ्ह्याचीच सावली आहे, तरी भात शिजत असताना एखादा कच्चा दाणा दाताखाली आला की तिला तोच आठवायचा. मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला तरी कोलू जाळं सोडून उठून यायचा. "खोकू बी नोको का मी घरात?" ती त्याला विचारायची. बाजारात ती पूर्वीपेक्षा लवकर चिडायची. एकदा तर एका गिऱ्हाइकानं मरळीचे कल्ले उघडून पाहिले म्हणून तिनं त्याला झापलं, जे काम ती स्वतः जन्मभर करत आली होती.

बिडीचं मात्र याच दिवसांत झालं. खुशबूनं बिडीची तलफ मारणाऱ्या, चघळायच्या गोळ्या आणून दिल्या. ठमाबाईनं पहिली गोळी चघळून सांगितलं की यापेक्षा चप्पल बरी. तरी चघळली. बंडलाच्या दहा झाल्या, दहाच्या तीन झाल्या. खुशबू दर सोमवारी विचारायची आणि ठमाबाई खरा आकडा सांगायची, कारण खोटा सांगितला तर पोरगी डोळ्यात बघते, असं तिचं म्हणणं. होळीला तिनं सोडली. भाचीच्या लग्नात दोन ओढल्या. मोठं जाळं फाटलं त्या दिवशी पाच ओढल्या आणि सोमवारी पाचच सांगितल्या. त्यानंतर नाही. गावाला तिनं काही जाहीर केलं नाही. फक्त एक दिवस माचिस मागायला आलेल्या बापूरावाला म्हणाली, चुलीजवळची घेऊन जा, माह्यापाशी नाई.

सहा महिन्यांनी पुन्हा एसटी, पुन्हा अर्धं मिनिट. या वेळी ती पूर्ण वाट कोलूच्या खांद्याला टेकून बसली होती. गुरुवारी डॉक्टर नंदिनींनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून टॅबवर दाखवले. ठिपका होता तिथंच, होता तेवढाच. आता पुढचा फोटो वर्षानं.

"जागचा हालला नाई," ठमाबाई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. डोळ्यात कचरा गेला असं तिनं खुशबूला सांगितलं. खुशबूनं ते मान्य केलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बापूराव तिच्याकडे आला. अंगणात बसला, इकडचं तिकडचं बोलला, गोऱ्हा विकला असं सांगितलं. मग म्हणाला, "ठमाबाई, मी काय करू सांग. तू म्हनशीन तसं करतो."

तिला सांगावंसं वाटत होतं. जिभेवर आलं होतं, जा गा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण तिनं आत जाऊन चिचोक्यांचं गाठोडं आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "हजार आहेत. मोजू नोको, प्रफुलच्या बाबानं मोजले आहेत. समजून घे आनि गुरुवारी ये. मी बाजूले बसतो."

बापूराव आला. त्याचं एकंदर असं होतं की दोन वर्षांपूर्वी हृदयात स्प्रिंग टाकलेली, साखर वाढलेली, आणि दम असा की टाकीपासून खुर्चीपर्यंत यायला तो दोनदा थांबला. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं. गाठ सापडलीच तर मोठं ऑपरेशन त्याचं शरीर झेलेल का याचीही शंका आहे, हेही सांगितलं. त्यानं बराच वेळ विचार केला. प्रश्न चार विचारले, चारही नेमके. मग म्हणाला की तो तपासणी करणार नाही. दमाचं औषध मात्र घेईल, आणि बिडी सोडायची गोळी ठमाबाई सांगते तेवढी वाईट नसेल तर तीही.

रुखमानं ठमाबाईकडे पाहिलं. आता ही त्याला सोलून काढणार, असं ओट्यावरच्या सगळ्यांना वाटलं.

ठमाबाई उठली, खुर्ची भिंतीला लावली, कोपऱ्यात ठेवलेलं टोपलं कमरेवर घेतलं. "आयकून नाई म्हटलं ना त्यानं," ती म्हणाली. "न आयकता नाई म्हटलं असतं त मी सोडलं नसतं. चाल बापूराव. आज झिंगे आले आहेत, लोकाइच्या आधी तू घे."

बापूराव तिच्यामागून सावकाश निघाला. अर्ध्या वाटेत तो थांबला तेव्हा तीही थांबली, आणि तो विश्रांती घेतो आहे हे आपल्याला दिसलंच नाही असं दाखवत टोपल्यावरचं ओलं फडकं नीट करत राहिली.